ऑफिसने कोच दिलाय, म्हणजे नक्की काय दिलंय?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

तर झालंय असं. मी पुण्यात आयटीत आहे, १४ वर्षं झाली, टेस्टिंगमधून वर आले आणि एप्रिलपासून डिलिव्हरी मॅनेजर. आधी ९ जणांची टीम होती आता ४२, त्यातले चौघं माझ्याआधीपासून कंपनीत आहेत आणि एक तर माझा जुना लीड, ज्याने मला पहिला बग लॉग करायला शिकवला. पहिले तीन महिने बरे गेले मग एक रिलीज सपाटून आपटला, क्लायंटसमोर शोभा झाली. मागच्या आठवड्यात एचआरने बोलावलं आणि अगदी मधाळ आवाजात सांगितलं की आम्ही तुझ्यात इन्व्हेस्ट करतोय, सहा महिन्यांसाठी एक्झिक्युटिव्ह कोच देतोय. मी हो हो थँक्यू थँक्यू करून बाहेर आले आणि लिफ्टमध्ये डोक्यात आलं, हे बक्षीस आहे का नोटीस?

घरी सांगितलं तर आई म्हणाली या वयात कसला क्लास, सदाशिव पेठेत जायचं का? (तिच्या हिशोबात कोचिंग म्हणजे क्लास, आणि कोच म्हणजे हॉलमधला, ज्याच्यावर बाबा दुपारी झोपतात.) नवरा म्हणाला फुकट मिळतंय तर घे. धाकट्या दिराने मार्चमध्ये कुठलंतरी वेबिनार केलं तेव्हापासून तो स्वतःला लाइफ कोच म्हणवतो, इन्स्टाच्या बायोत पण आहे, तो म्हणतो वहिनी एक्झिक्युटिव्ह वगैरे सगळं वरवरचं, आधी माइंडसेट. आणि शाळेतली मैत्रीण म्हणते तुला कोच नको काउन्सेलर हवाय, कारण गेले दोनेक महिने मला पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, पंख्याकडे बघत पडून राहते.

आता माझे प्रश्न. लाइफ कोच, करिअर कोच, एक्झिक्युटिव्ह कोच, लीडरशिप कोच हे सगळे वेगळे असतात का एकाच माणसाची वेगवेगळी व्हिजिटिंग कार्डं? कोच आणि मेंटॉर आणि काउन्सेलर यात फरक काय? मी तिथे जे बोलेन ते एचआरला कळतं का? आणि या लोकांना काही डिग्री लायसन्स वगैरे लागतं का नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


लातूरकर_भाऊ

कोचिंग म्हटलं की आमच्याकडं एकच अर्थ. पहाटे सहाची बॅच, शंभर सायकली आणि झेरॉक्सचं दुकान. कोचला विचारून ठेवा टेस्ट सिरीज आहे का.

बाकी वाचतोय.


एचआरवाली_मावशी

चहाताई, आधी श्वास घ्या. मी ११ वर्षं एचआरमध्ये आहे आणि ही बजेटं मंजूर करून आणायला फायनान्सच्या दारात मीच उभी असते, म्हणून सांगते.

कंपनी कोच देते ते साधारण दोन कारणांनी. एक म्हणजे माणूस नवीन खुर्चीवर बसलाय आणि तिथे तो टिकावा असं कंपनीला वाटतंय, तुमची केस मला हीच दिसते, याला कुणी ट्रान्झिशन कोचिंग म्हणतं कुणी लीडरशिप कोचिंग. दुसरं म्हणजे माणूस कामाला चांगला पण लोकांवर खेकसतो, मेलमध्ये भांडतो, टीम सोडून चाललीये, मग 'याला जरा सांभाळा' म्हणून कोच लावतात. हा दुसरा प्रकार पूर्वी जास्त असायचा त्यामुळे कोच लागला की ऑफिसात कुजबुज व्हायची, आता तसं फारसं राहिलं नाही. नोटीस द्यायची असती ना तर पीआयपीचा (म्हणजे अमुक दिवसांत काम सुधारा नाहीतर बघा) कागद आला असता, कोच नाही. ज्याला काढायचंय त्याच्यावर सहा महिन्यांचा खर्च मला तरी कुणी मंजूर करू देणार नाही.

आता एचआरला काय कळतं. नीट चालणाऱ्या ठिकाणी हे त्रिकुट असतं, तुम्ही, कोच आणि कंपनी. सुरुवातीला तुम्ही, तुमचा बॉस आणि कोच अशी तिघांची एक मीटिंग होते, त्यात दोन-तीन उद्दिष्टं ठरतात, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा पुन्हा तिघं बसतात. माझ्याकडे काय येतं तर किती सेशन झाली आणि ठरलेल्या उद्दिष्टांवर गाडी कुठवर आली, बस. आत कोण रडलं कोणाला शिव्या घातल्या हे येत नाही आणि येऊही नये. पण हे गृहीत धरू नका, पहिल्याच मेलमध्ये लेखी मागा की कंपनीला काय काय सांगितलं जाणार आहे. एखादा कोच 'ते बघू हो नंतर' म्हणाला तर दुसरा मागा. बऱ्याच कंपन्या दोन-तीन कोचची नावं देतात आणि प्रत्येकाशी अर्धा तास बोलू देतात, त्याला केमिस्ट्री सेशन म्हणतात, नाव ऐकून हसू नका, आम्हीही हसतो.

अजून एक सांगते आणि हे एचआर म्हणून नाही तर मावशी म्हणून. काही बॉस स्वतःचं काम कोचच्या गळ्यात मारतात. तोंडावर 'तुझं हे चुकतंय' म्हणायची हिंमत नसते मग म्हणायचं हिला कोच द्या. त्यामुळे त्या तिघांच्या मीटिंगमध्ये बॉसला सरळ विचारा, सहा महिन्यांनी माझ्यात काय वेगळं दिसलं तर तुम्हाला पैसे वसूल झाले असं वाटेल? नीट उत्तर आलं तर छान. 'ओव्हरऑल एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' असलं काहीतरी आलं तर समजा त्यालाच अजून माहीत नाहीये.


कट्टा_दादर

मी काय जाणकार नाय पण फरक सांगू शकतो, क्रिकेटमधून. (मी सगळंच क्रिकेटमधून सांगतो, घरचे वैतागलेत.)

आचरेकर सर शिवाजी पार्कात स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला आउट करेल त्याला ते नाणं, कोणीच नाही केला तर सचिनला. अशी १३ नाणी त्याच्याकडे आहेत असं तो स्वतः सांगतो. आता आचरेकर सर म्हणजे गुरू, खेळ त्यांना येतो, चुकलं की ओरडणार, प्रसंगी फटका. आणि दुसरीकडे पॅडी अप्टन. २००८ ते २०११ हेड कोच गॅरी कर्स्टनबरोबर भारतीय टीमचा मेंटल कंडिशनिंग कोच होता, वानखेडेवर वर्ल्डकप उचलला तेव्हा तो स्टाफमध्ये होता. तो कुणाला कव्हर ड्राइव्ह शिकवत नव्हता, त्याचं काम डोक्याशी.

आणि याच्याहून भारी उदाहरण म्हणजे बुद्धिबळातला गुकेश. डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला हरवून १८ व्या वर्षी जगज्जेता झाला, त्याच्याबरोबर गायेव्स्की नावाचा पोलिश ग्रँडमास्टर होता, तो ओपनिंग वगैरे बघायचा, आणि शिवाय हाच अप्टन पण होता. अप्टन काय ग्रँडमास्टर आहे का? नाय. मग तो बुद्धिबळ जगज्जेत्याला काय सांगणार? तर झोप कशी, हरल्यावर दुसऱ्या दिवशी कसं बसायचं पटावर, हे असलं. पहिलाच डाव हरला होता गुकेश, विसरू नका.

तर चहाताई, तुम्हाला गायेव्स्की हवाय का अप्टन ते आधी ठरवा. डिलिव्हरी मॅनेजरचं काम कसं करतात, प्लॅनिंग कसं, क्लायंटला कसं हाताळतात हे माहीत नसेल तर तुमच्याच लायनीतला जुना माणूस पकडा, तो मेंटॉर. माहीत आहे पण ऐनवेळी हात थरथरतात असं असेल तर कोच.


प्रश्नचिन्ह

कट्टा, तुमचं उदाहरण पुढच्या वर्कशॉपमध्ये ढापणार आहे, आगाऊ माफी.

मी हेच काम करतो. आधी १८ वर्षं मॅन्युफॅक्चरिंगमध्ये, चाकणला प्लांटवर, आता सात वर्षं कोच. त्यामुळे माझं बोलणं दुकानदाराचं समजून वाचा.

चहाताई, व्हिजिटिंग कार्डांबद्दलची तुमची शंका बरीचशी खरी आहे. मूळ काम एकच, समोरच्याला नीट प्रश्न विचारून त्याचं त्याला दिसेल अशी सोय करणं. नावं बदलतात ती विषयाने आणि मुख्य म्हणजे पैसे कोण देतं त्याने. एक्झिक्युटिव्ह आणि लीडरशिप कोचिंगचे पैसे बहुतेक वेळा कंपनी देते आणि विषय तुम्ही तिथे माणसं कशी चालवता हा. करिअर कोचला तुम्ही स्वतःच्या खिशातून देता कारण विषय बऱ्याचदा 'या कंपनीत राहू का सोडू' असा असतो, हा विषय कंपनीच्या पैशाच्या कोचकडे काढायचा असेल तर मावशींनी सांगितलेला तो लेखी मेल आधी हातात असू द्या. बिझनेस कोच म्हणजे बहुतेकदा धंदेवाईकांसाठी, दुकान, कारखाना, दवाखाना, आणि यातले निम्मे खरं तर कन्सल्टंट असतात, तुमचा हिशोब बघून 'उधारी कमी करा' सांगतात, वाईट नाही ते पण ते कोचिंग नव्हे. टीम कोच सगळ्या टीमला एकत्र घेऊन बसतो, हे सगळ्यात अवघड, मी करत नाही. हेल्थ कोच तुम्हाला ठरवलेलं चालणं-खाणं पाळायला मदत करतो, पण शुगरच्या पेशंटला डाएट चार्ट लिहून द्यायचा अधिकार त्याला त्या शब्दाने मिळत नाही. फायनान्स कोच म्हणवणारा अमुक शेअर घ्या म्हणाला की त्याची सेबीकडे इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझर म्हणून नोंदणी आहे का ते बघा, २०१३ पासून तसे नियमच आहेत.

आणि लाइफ कोच. हा शब्द इतका ताणलाय की त्यात काहीही मावतं. चांगले लाइफ कोच आहेत, मी पाहिलेत, नोकरीतून रिटायर झालेला माणूस आता दिवसाचं करायचं काय म्हणून येतो, घटस्फोटानंतर घर नव्याने लावायचं म्हणून कुणी येतं, अशांना उपयोग होतो. पण बोर्ड लावायला काहीच लागत नाही हे खरं.

म्हणजे लायसन्सच्या प्रश्नाचं उत्तर, भारतात कोचला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही. आहेत त्या खासगी संघटना. सगळ्यात मोठं नाव आयसीएफ, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, अमेरिकेत १९९५ ला सुरू झालेली. त्यांच्या तीन पायऱ्या, एसीसी म्हणजे किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसी म्हणजे १२५ आणि ५००, एमसीसी म्हणजे २०० आणि २५००. शिवाय परीक्षा आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. मी पीसीसी आहे. तीन अक्षरं म्हणजे माणूस चांगला असं नाही, पण निदान तो ५०० तास कुणासमोर तरी गप्प बसलाय एवढं कळतं.

गप्प बसण्यावरून आठवलं. या धंद्याचं एक मूळ टेनिसमध्ये आहे. टिमथी गॉलवे म्हणून अमेरिकन टेनिस शिकवणारा, १९७४ ला त्याचं पुस्तक आलं. त्याच्या लक्षात आलं की मनगट असं ठेव, खांदा तसा वळव असं सांगत राहिलं की खेळाडू आखडतो. मग तो सांगायचा चेंडू टप्पा पडला की 'टप्पा' म्हण, रॅकेटला लागला की 'हिट' म्हण, बाकी काही नको. लोक चेंडूकडे बघायला लागायचे आणि हात आपोआप सुधारायचा. पुढे जॉन व्हिटमोर, हा आधीचा मोटार रेसिंगवाला, त्याने गॉलवेकडून शिकून हे युरोपात नेलं आणि ऑफिसांत आणलं. ग्रो नावाची जी चौकट तुमचा कोच बहुधा वापरेल ती त्याच्यामुळेच जगभर गेली, कुठे जायचंय, आत्ता कुठे आहोत, वाटा कुठल्या आणि यातलं करणार काय. कागदावर अगदी बाळबोध दिसते. पण दुसऱ्या प्रश्नावर लोक दोन-दोन सेशन अडकतात.

एक प्रसंग, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. एक गृहस्थ आले, टाइम मॅनेजमेंट सुधारायचंय म्हणे. मी म्हटलं कॅलेंडर उघडा. उघडलं. त्या आठवड्यात १९ मीटिंगा. म्हटलं यातल्या कुठल्या मीटिंगला तुम्ही नसता तर काही अडलं असतं? ते स्क्रीनकडे बघत राहिले. मी काही बोललो नाही, हे फार जड जातं मला, प्लांटवर १८ वर्षं ओरडायची सवय. पाऊण-एक मिनिट गेलं असेल, त्यांच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली झूमवर. मग म्हणाले, चार. बाकीच्या पंधरा? तर म्हणाले, त्यात साहेब असतात. म्हणजे वेळेचा प्रश्नच नव्हता, साहेबांच्या नजरेसमोर राहण्याचा होता. मी सल्ला दिला असता तर काय, ते टू-डू लिस्टचं अॅप घेऊन गेले असते.


रंकाळा_९

प्रश्नचिन्ह साहेब तुमी चांगलं लिवलंय, पण मला माझं सांगू द्या. ताई तुमच्या दिरासाठी आहे हे.

मी कोल्हापूरचा, छोटं प्रिंटिंगचं युनिट आहे. लॉकडाऊननंतर धंदा बसला होता, रात्री मोबाईल बघत पडलेलो आणि जाहिरात आली, ९९ रुपयात तीन तासात आयुष्य बदला. म्हटलं ९९ म्हणजे एक मिसळ, बसू. रविवारी अकराला सुरू. पहिला तासभर त्यो माणूस आपली स्टोरी सांगतोय, कर्ज होतं, बायको सोडून जाणार होती, मग एक गुरू भेटला. दर पाच मिनटाला 'पटलं असेल तर चॅटमध्ये येस टाका', आणि चॅट नुसता पळतोय येस येस येस, मी पण टाकला राव, सगळे टाकतायत म्हणून. मग शेवटचा पाऊण तास विक्री. दीड लाखाचे बोनस, किंमत पन्नास हजार, पण आज फक्त २४,९९९, आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललंय. भरले मी. क्रेडिट कार्डाने.

दोन वीकेंडचा कोर्स झाला, सर्टिफिकेट आलं, माझंच प्रिंटिंग त्याच्याहून बरं असतंय. आणि तिथं कळलं की पुढची पायरी आहे, 'मास्टर कोच', एक लाख ऐंशी हजार, ईएमआय अव्हेलेबल. त्यात काय शिकवणार? तर आपण ९९ चं वेबिनार कसं घ्यायचं ते! म्हणजे बघा, कोच तयार करणारा कोच आणि त्यो बी पुढं कोचच तयार करणार, ज्याला खरंच काय अडचण आहे असा माणूस या साखळीत आहेच कुठं? मी तिथंच थांबलो, माझ्या बॅचचे दोघं पुढं गेले, एकाने बायकोचं सोनं ठेवलं. रिफंड मागितला तर म्हणाले तुमच्या मनात पैशाविषयी ब्लॉक आहे.

नाव लिहीत नाही, उगा झेंगाट नको. आणि प्रश्नचिन्ह साहेब, राग नको, पण तुमचं ते आयसीएफ तरी काय सरकारी आहे का?


प्रश्नचिन्ह

राग कसला. नाही, सरकारी नाही, खासगीच आहे, आणि त्यांच्या मान्यतेच्या नावावर महागडे कोर्स विकणारेही ढीगभर आहेत. म्हणून मी अक्षरांपेक्षा हे बघायला सांगतो की माणूस पहिल्या फुकट भेटीत काय करतो. तुमच्याबद्दल विचारतोय का स्वतःबद्दल सांगतोय. आज भरले तरच सूट म्हणाला की उठा. आणि 'हे माझ्याकडचं काम नाही, तुम्ही दुसरीकडे जा' हे त्याने आजवर कुणाला म्हटलंय का ते विचारा. मी वर्षाला तीन-चार जणांना म्हणतो.

'पैशाविषयी ब्लॉक' हे मात्र वाचून हसावं का रडावं कळेना. तुमचे पैसे गेले त्याचं खरंच वाईट वाटलं.


ओपीडी_नंतर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात काम करते. सगळे कोच या शब्दाभोवती फिरतायत आणि ते साडेतीन वाजता जाग येण्याचं वाक्य कुणी धरलंच नाही, म्हणून लिहितेय.

चहाताई, दोन महिने रोज पहाटे जाग येणं आणि परत झोप न लागणं याला मी कामाचा ताण म्हणून सोडून देणार नाही. घाबरवत नाहीये, कारणं साधीही असतात. आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि रक्त तपासून घ्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. ते सगळं ठीक निघालं आणि त्याच्याबरोबर भूक गेलीये, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, सारखं स्वतःलाच दोष देणं चाललंय असं काही असेल तर ते कोचचं काम नाही, कितीही चांगला कोच असला तरी. चांगला कोच स्वतःच तुम्हाला आमच्याकडे पाठवतो, वर प्रश्नचिन्ह म्हणाले तसं.

कोण कोण असतं ते थोडक्यात, कारण यात पण लोक गोंधळतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, या तिघांत औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते, नंबर विचारायला लाजू नका, आम्ही भिंतीवरच लावतो. काउन्सेलर हा शब्द मात्र कोचसारखाच मोकाट आहे, एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारे पण काउन्सेलर आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्सवाला पण काउन्सेलर, तेव्हा शिक्षण विचारा. रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

कोच भविष्याचं बघतो आणि थेरपिस्ट भूतकाळाचं असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते मला अर्धवट वाटतं, मी पण माझ्या पेशंटला पुढच्या सोमवारचं विचारतेच की. मी असं बघते, दिवसभराचं काम, जेवण, झोप, अंघोळ, लोकांशी बोलणं हे चालू आहे आणि त्यात काहीतरी अजून चांगलं करायचंय तर कोच चालेल. हेच ढासळायला लागलंय तर आधी आमच्याकडे या. दोन्ही एका वेळी चालू असू शकतं, माझे दोन-तीन पेशंट कंपनीच्या कोचकडेही जातात, फक्त दोघांना एकमेकांबद्दल माहीत असलेलं बरं.


कट्टा_दादर

+१. हे सुटलंच होतं आमच्याकडून. आम्ही आपले नाणी मोजत बसलो.


दुपारचा_चहा

मंडळी, तीन आठवडे गायब होते, माफी. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अपडेट देते. ओपीडीताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन ८.९ निघालं! डॉक्टर म्हणाले या आकड्यावर तुम्ही चौथ्या मजल्यावर जिन्याने जाताय हेच नवल. गोळ्या चालू आहेत. झोप अजून रोज धड लागत नाही पण साडेतीनचं साडेचारवर आलंय. भूक वगैरे ठीक आहे, तरी त्यांनी एकदा सायकॉलॉजिस्टला भेटून घ्या म्हटलंय, शनिवारची वेळ घेतलीये.

मावशी, तुमचा प्रश्न बॉसला जसाच्या तसा विचारला. आधी 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' म्हणालाच!! मी म्हटलं म्हणजे काय दिसेल? मग बराच वेळ पेन टकटकवून म्हणाला, तू सगळ्या गोष्टी स्वतः तपासतेस, टीम तुझी वाट बघत बसते, ते थांबलं पाहिजे. बरं झालं निदान बोलला. मेलवर लेखी पण मिळालं की कंपनीला फक्त सेशनची संख्या आणि उद्दिष्टांची प्रगती कळेल.

कोच दोघांना भेटले. पहिल्या बाईंनी अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्यांनी कुठल्या कुठल्या सीईओंना घडवलं ते सांगितलं. दुसरे गृहस्थ साठीचे, सोलापूरकडचे असावेत बोलण्यावरून, फार बोलले नाहीत, त्यांना घेतलं. परवा पहिलं सेशन झालं. मी माझ्या जुन्या लीडबद्दल सांगत होते, की त्याला काम सांगायला जड जातं म्हणून त्याच्या वाटचं मीच रात्री बसून करते. त्यांनी विचारलं, हे त्याला माहीत आहे का? मी म्हटलं नाही. मग ते गप्प. आणि मी पण गप्प. प्रश्नचिन्ह, तुमच्या त्या कुकरच्या शिट्टीची आठवण झाली, आमच्याकडे खालून भंगारवाला ओरडत गेला. मग माझ्याच तोंडून निघालं की त्याला माहीत असेलही कदाचित, आणि त्याला किती अपमान वाटत असेल. हे माझ्या डोक्यात आजवर एकदाही आलं नव्हतं. मंगळवारी त्याला चहाला घेऊन जाणार आहे, बघू काय होतं, पोटात गोळा आहे.

रंकाळादादा, तुमचा प्रतिसाद दिराला वाचायला दिला. त्याने सगळा वाचला आणि म्हणाला यांच्या मनात ब्लॉक आहे. आता तो म्हणतोय वहिनी तू माझी पहिली क्लायंट हो, सहा सेशन फुकट, फक्त शेवटी व्हिडिओ टेस्टिमोनियल दे. सासूबाई पण म्हणतायत घरचं पोर आहे, हो म्हण. काय सांगू त्याला?


लातूरकर_भाऊ

सांगा, ऑफिसात एक कोच आहे आणि हॉलमधल्यावर बाबा झोपलेत. जागा नाही.


रंकाळा_९

😂 आणि त्याला म्हणावं मास्टर कोचची पायरी आली की पैसे भरायच्या आधी मला एक फोन कर. संपादकांकडून नंबर घ्या. मिसळ माझ्याकडून.